आबांनी बुटांना तेल पाजलं

कळंबच्या शिवारात महिपतीआबांची चार एकर डाळिंबाची बाग आहे. बागेच्या कडेला घर, त्याला लागून पत्र्याचं शेड, आणि शेडपुढं लिंबाखाली एक बाज. दुपारचं जेवण झालं की आबा त्या बाजेवर आडवे होतात, डोळे अर्धे मिटतात, आणि पुढं त्यांना काय काय दिसतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. बायको फुलाबाई म्हणते, "ह्यो माणूस झोपत बी न्हाय आन् जागा बी नसतो. मधीच कुठंतरी लोंबकळत असतो." खोटं नाही ते. सदुसष्ट वर्षांत आबांनी काम ढीगभर केलं आणि स्वप्नंही ढीगभर पाहिली, आणि दोन्ही एकाच वेळी करायची त्यांची जुनी खोड. दारं धरायला उभे राहायचे, पाणी वाफा भरून शेजाऱ्याच्या गव्हात शिरायचं, तरी हे आपले कुठं तरी दूर. शेजारी बोंबलत आला की मात्र ठणकावून सांगायचे, "तुझा बांधच कच्चा हाय."

ही त्यांची दुसरी खोड. चूक कबूल करायची नाही म्हणजे नाही. फुलाबाईला बघायला आले तेव्हा गल्ली चुकून भलत्याच घरी जाऊन पोहे खाऊन आले होते. पंचेचाळीस वर्षं झाली त्याला, अजून म्हणतात, "पोहे बरे हुते त्या घरचे. बघून ठिवावं म्हणलं." एसटीतून चुकीच्या फाट्यावर उतरले तर दोन कोस चालत येतील आणि सांगतील, पाय मोकळे करायचे होते. बरं, माणूस वाईट नाही हो. कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाला तोंडावर पाडलं नाही. फक्त 'चुकलो' हा शब्द त्यांच्या जिभेला माहीत नव्हता.

अशा माणसाच्या हाती सईनं आपले बूट दिले.

सई म्हणजे आबांची नात, संदेशची मुलगी. वय चौदा. संदेश बारामतीला एमआयडीसीत नोकरीला, सून सोनल तिथंच शाळेत शिकवते. सई लहानपणापासून चाकांच्या बुटांवर स्केटिंग करायची. पुण्याहून आठवड्यातनं दोनदा अश्लेषा मॅडम शिकवायला येतात, त्यांनी पोरीचा तोल पाहिला आणि दोन उन्हाळ्यांमागं तिला डेहराडूनला बर्फावर नेलं. बंदिस्त मैदान, खाली खराखुरा गोठवलेला बर्फ, आणि त्यावर पायात बूट घालून नाचल्यागत फिरायचं, उड्या मारायच्या, गिरक्या घ्यायच्या. सई तिथून आली ती बर्फाचीच होऊन आली. बारामतीच्या उन्हात चाकांवर फिरायची तेव्हासुद्धा डोळ्यांत तेच मैदान. दीड वर्षं ती एकाच उडीच्या मागं लागली होती: हवेत दोन गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर मागं सरकत उतरायचं. यंदाच्या उन्हाळ्यातल्या शिबिरात ती उडी तिला जमली. ऑगस्टमध्ये तिथंच देशभरातल्या पोरींची स्पर्धा होती, आणि सईचं नाव यादीत होतं.

आबांना हे सगळं तिनं बाजेवर बसून सांगितलं. आबांनी डोळे मिटूनच विचारलं, "आन् पडलीस तर?"

"पडते की. रोज पडते."

"मंग?"

"मग उठायचं."

हे आबांना पटलं.

आता त्या बुटांविषयी. पांढरेशुभ्र, घोट्याच्या वर येणारे, पुण्याच्या एका मुलीला लहान झाले म्हणून सईला मिळालेले. वरती जाड चामडं, खाली चामड्याचाच तळ, टाच चामड्याचे थर एकावर एक बसवून केलेली. तळाला स्क्रूनं पोलादी पातं आवळलेलं. पात्याला टोकाशी करवतीसारखे दात. जूनमध्ये सई शिबिराहून आली तेव्हा दोन्ही तळ पाणी पिऊन काळे पडलेले, फुगलेले, आणि एक स्क्रू गंजून बसलेला. मॅडमनी पोरीला चांगलंच झाडलं. बर्फावर फिरताना तळाला सारखं पाणी लागतं, चामडं ते पितं, आतून कुजतं, मग स्क्रूची पकड जाते, आणि एक दिवस उडी मारताना पातं बुटाला सोडून निघून जातं. तेव्हा तळ सावलीत दोन आठवडे पुरे वाळवायचा आणि मग त्याला मधमाशीचं मेण पाजायचं, म्हणजे पाणी शिरत नाही. मेण शब्द आबांच्या कानावर पडला मात्र, ते बाजेवर उठून बसले.

"मेण? आगं, मेणाला कशाला बाहीर जाती? चार पेट्या हायेत आपल्या."

डाळिंबाला फुलं लागताना परागीकरणाला म्हणून आबांनी बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात. मध नातवंडांना आणि मेण शेडातल्या डब्यात, असा त्यांचा हिशोब. शाळा सुरू झाल्यानं सईला वेळ नव्हता. मॅडमनी सांगितलेलं सगळं तिनं एका वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पान शेडाच्या खांबाला चिकटवलं, आणि बूट आबांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "चार आठवड्यांनी येते. आबा, जीव आहे माझा ह्यात."

"तुझा जीव माझ्याकडंच हाय की कवाचा," आबा म्हणाले. पोरगी हसली आणि बापाच्या गाडीवर बसून गेली.

पुढचे पंधरा दिवस आबांनी त्या बुटांना सावलीतल्या दोरीवर टांगून ठेवलं आणि रोज सकाळी तळावर गाल टेकवून ओल पाहिली. हाताला कळत नाही ती ओल गालाला कळते, असं त्यांचं म्हणणं. एकदा तर फुलाबाई चहा घेऊन आली आणि नवरा बुटाला गाल लावून डोळे मिटून उभा! "पंचेचाळीस वरसांत माजा गाल न्हाय असा बघितला," म्हणाली आणि चहा ठेवून निघून गेली. आबा लाजले, पण ओल पाहायची सोडली नाही.

तळ वाळले तशी त्यांनी पाती सोडवली. कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हे चुकू नये म्हणून पुठ्ठ्यावर पायाचं चित्र काढून स्क्रू त्यात जागच्या जागी टोचून ठेवले. पोळ्याचं मेण पाण्यात उकळून धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं. मग पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत मेण, आणि खाली मंद जाळ. पिवळंधमक मेण वितळलं की बागेतल्या फुलांचा वास सुटायचा. आबा ब्रशनं तळावर पातळ हात मारायचे, चामडं ते शोषून घ्यायचं, मग वाळलं की पुन्हा. टाचेच्या थरांच्या फटी, स्क्रूची भोकं, तळाची कड, काही सोडलं नाही. कागदावर तीन हात लिहिले होते, आबांनी पाच दिले. पाती जागेवर बसवली, स्क्रू हळू आवळले, पात्यांना कोरड्या फडक्यानं पुसून वर सईनं दिलेल्या कापडी टोप्या चढवल्या.

हे काम करता करता त्यांची तंद्री लागायची. बर्फ कसा असेल हो? आयुष्यात आबांचा आणि बर्फाचा संबंध आला तो दोनदाच. एकदा इंदापूरच्या बाजारात रंगीत गोळा खाल्ला होता तेव्हा, आणि दुसऱ्यांदा गारपिटीत. ऐन फळात बाग होती तेव्हाची गोष्ट. पंधरा मिनिटांत सगळं भुईसपाट झालं आणि झाडांच्या ओळींमध्ये घोट्यापर्यंत गारा साचल्या. फुलाबाई उंबऱ्यात बसून रडत होती. आबाही रडले. पण एक गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही: ढग फाटून ऊन पडलं तेव्हा त्या पांढऱ्या ओळी त्यांना फार देखण्या दिसल्या होत्या. एवढं नुकसान आणि एवढं देखणं, दोन्ही एका वेळी कसं असतं हे त्यांना उमगलं नव्हतं. आता मेणाच्या वासात त्यांना त्याच ओळी पुन्हा दिसायच्या, आणि ओळींमधून सई यायची. चालत नाही, पळत नाही, नुसतीच येतेय. डाळिंबाची पानं हलत नाहीत, माश्यांचा आवाज नाही, पोरगी वळते, एका पायावर मागं मागं जाते आणि बागेच्या टोकाला लहान होत होत दिसेनाशी होते. वाटीतलं मेण गोठायचं तेव्हा आबा भानावर यायचे.

काम संपलं, पण सई यायला आठ दिवस होते. आणि रिकामे हात हेच आबांचं मूळ दुखणं.

त्यांनी बुटाच्या वरच्या चामड्यावर अंगठा दाबला. दबेना. लाकडाची फळी जशी. त्यांना सईचे घोटे आठवले. शिबिराहून आली तेव्हा दोन्हीकडं कातडी सोललेली, त्यावर खपल्या, आणि पोरगी म्हणे, "असंच असतं आबा." असंच कसं असेल? चामडं उपाशी आहे, दुसरं काय! आपल्याकडं नवी वहाण घेतली की ती पायात घालायच्या आधी तिला तेल पाजतात. एरंडेल लावायचं, ठेवायचं, पुन्हा लावायचं, म्हणजे वहाण चावत नाही. आणि आबांना तर चामड्याची ओळख त्याहून जुनी. त्यांच्या लहानपणी माळावरच्या विहिरीवर मोट होती, बैलांनी ओढायची भली मोठी चामड्याची पिशवी. तिला तेल चोळायचं काम पाच-सहा वर्षांच्या महिपतीकडं. वडील म्हणायचे, "चोळ रं, अजून चोळ, जनावराचं कातडं हाय, त्येला माया लागती." मऊ झालेली मोट विहिरीतून वर आली की थंडगार पाणी सोंडेतून भळाभळा ओतायची आणि पोरगं खाली उभं राहून भिजायचं.

खांबावरचं पान आबांनी पुन्हा वाचलं. उन्हात ठेवू नका. पाती ओली ठेवू नका. स्क्रू जोरात आवळू नका. वरच्या चामड्याबद्दल अवाक्षर नव्हतं. असं काही कुणी करील हे त्या मॅडमच्या ध्यानीमनीही नसणार.

झालं. एरंडेलाची बाटली निघाली. आठ दिवस, दोन्ही वेळा, आबांनी ते बूट चोळले. घोट्यापाशी जास्त, कारण तिथंच पोरीला लागतं. आतून, बाहेरून, जिभेला, लेसच्या भोकांना. डोळे मिटून चोळायचे. कधी हाताखाली मोट असायची, कधी सईचा सोललेला घोटा, कधी नुसतंच ऊबदार काही तरी, ज्याला नाव नाही. शुभ्र चामडं लोण्याच्या रंगाचं झालं. पाचव्या दिवशी ते अंगठ्याखाली दबलं. आठव्या दिवशी बुटाचा वरचा भाग आबांनी हातानं दुमडला आणि तो मुकाट दुमडला. इतका आनंद त्यांना बागेचा पहिला माल निघाला तेव्हाही झाला नसेल. फुलाबाईला म्हणाले, "पोरगी बघ कशी उडती आता!"

रविवारी सकाळी सई आली. आधी तिनं तळ पाहिला. बोटानं वाजवून पाहिला, मग तांब्यातलं थेंबभर पाणी टाकलं. अळवाच्या पानावरून जावा तसा थेंब घरंगळून गेला. "आबा! कसला भारी केलाय!" ती ओरडली. आबा बाजेवर बसून मिशीत हसत होते, अजून गंमत बाकी आहे म्हणून.

मग तिनं बूट सरळ केला आणि तिचं तोंड उतरलं. तिनं पाय घातला. लेस ओढली तशी बुटाची दोन्ही पाखं एकमेकांवर आली. ती उभी राहिली. घोटा आत कलला. ती पुन्हा उभी राहिली, घोटा पुन्हा कलला.

"आबा, हे मऊ कसं झालं?"

"तेल पाजलं. आठ दिस."

सई खाली बसली. आरडाओरडा केला असता तर आबांना सोपं गेलं असतं. पण ती हळू आवाजात, एखाद्या लहान पोराला सांगावं तसं सांगू लागली, आणि तेच आबांना झोंबलं. बूट लाकडासारखाच लागतो, आबा. हवेतून दोन गिरक्या घेऊन खाली येते तेव्हा घोटा मी धरत नाही, बूट धरतो. ह्या बुटांत उतरले तर पाय मोडेल. स्पर्धेला चोवीस दिवस राहिलेत. नवे बूट मापानं बनून परदेशातून यायला दोन महिने. मग ते पायाला बसायला एक महिना.

आणि बघा हो, जन्माची खोड कशी असते. आबांना सगळं कळून चुकलं होतं, आणि तोंडातून मात्र निघालं, "मंग त्या बुटाचं चामडंच कच्चं आसंल."

सईनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग ती उठली आणि एका पायात बूट, एक पाय अनवाणी, तशीच बागेत निघून गेली.

"बोललात?" फुलाबाई दारातून म्हणाली. "झालं समाधान? त्या लेकराचं कच्चं, शेजाऱ्याचं कच्चं, सगळ्या जगाचं कच्चं. तुमचं तेवढं पक्कं."

आबा जेवले नाहीत. बाजेवर आडवे झाले, डोळे मिटले, पण त्या दिवशी काहीही दिसलं नाही. ना गारा, ना मोट. नुसता अंधार.

चार वाजता मॅडमचा फोन यायचा होता. तळ कसे झालेत ते त्यांना पाहायचं होतं. सईनं तोंड धुतलं, मोबाईल बाजेवर उशीला टेकवून उभा केला आणि समोर बसली. आबा शेडाच्या भिंतीशी, मोबाईलच्या मागच्या अंगाला. म्हणजे त्यांना सई दिसत होती, मॅडमना ते दिसत नव्हते.

"अगं, ह्यांचा रंग असा का?" मॅडमचा आवाज आला. "दाब बघू घोट्यापाशी. ...सई! तेल लावलंय का ह्याला? कुणी लावलं?"

सईची मान खाली.

"मी लावलं, मॅडम."

"तू?"

"लागत होतं म्हणून लावलं."

"पाच वर्षं शिकवतेय मी तुला! बूट म्हणजे काय हे पाच वर्षांत कळलं नसेल तर कधी कळणार? अशा बेफिकीर मुलीला मी बर्फावर उतरवणार नाही. यादीतून नाव काढते तुझं."

"बरं," सई म्हणाली. एवढंच. डोळ्यांतून टपटप पाणी, पण नजर भिंतीकडं वळू दिली नाही. आजोबा तिथं आहेत हे कुणाला कळू नये म्हणून.

चौदा वर्षांचं लेकरू, दीड वर्षं घासून मिळवलेलं सगळं त्यांच्यासाठी हातातून सोडून देत होतं, आणि आपण भिंतीला टेकून बसलोय! ते उठले. गुडघे वाजले. बाजेला वळसा घालून मोबाईलसमोर आले आणि, कॅमेरा कुठं असतो ते ठाऊक नसल्यानं, अगदी तोंड त्यात घातलं.

"मॅडम, मी महिपती. सईचा आजा. पोरगी खोटं बोलतिया. त्येल मी पाजलं. तिला ठावं बी नव्हतं." ते थांबले. "चुकलो मी."

फुलाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

"आबा, कशाला?" सई दबल्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला कुणी बोललेलं मला नाही चालत."

"मला चालतं," आबा म्हणाले. "मॅडम, बोला. काय बोलायचं त्ये मला बोला."

मॅडमनी विचारलं, "कोणतं तेल, आबा?"

"एरंडेल."

"दोन्ही बुटांना?"

"दोनीला. आतनं बी."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "तळ दाखवा." आबांनी बूट उलटा करून धरला. मॅडमनी चेहरा पुढं आणला, टाच बघितली, कडा बघितल्या. "हे मेण कोणी लावलं?"

"त्ये बी मीच."

"पुण्यात मला असा तळ कुणी करून देत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थोडा निवळला. "ऐका आता. तेल शोषेल अशी सुकी माती बुटांत भरून ठेवा, रोज बदला. सगळं निघणार नाही. घोट्याच्या आत कडक पट्ट्या मी बसवून घेते. सई, नाव ठेवते मी, पण दोन गिरक्यांची उडी नाही. एकच गिरकी. कबूल?"

सईनं डोळे पुसले. दीड वर्षाची उडी होती ती. "कबूल."

"आणि आबा, तिच्याबरोबर मोठं माणूस लागेल. तुम्ही या. बुटांचं सगळं तुम्हीच बघायचं. मेण आणि फडकं, बाकी काही नाही."

मग दहा दिवस आबांनी सुकी शाडूची माती कुटून, चाळून त्या बुटांत भरली. संध्याकाळी ती तेलकट, काळपट होऊन निघायची, पुन्हा नवी भरायचे. डोळे उघडे ठेवून करायचे आता. पुढं पुण्यात पट्ट्या बसल्या, आणि बुटांचा गेलेला ताठपणा निम्मा परत आला. निम्माच.

पुण्यापलीकडं आबा कधी गेले नव्हते. दोन दिवसांच्या गाडीत ते खिडकीशी बसून राहिले, मांडीवर बुटांची पिशवी. बाहेर नद्या गेल्या, शेतं गेली, भाषा बदलली, चहाची चव बदलली. सई त्यांच्या खांद्यावर झोपली होती. आपण चाललोय की बाहेरचं सगळं आपल्यापासून सरकत चाललंय, हे त्यांना कळेना, आणि कळायची घाईही नव्हती.

मैदानाचं दार उघडलं आणि गार हवा अंगावर आली. आबांच्या अंगात संदेशचा स्वेटर, डोक्याला कानटोपी. समोर पांढरं, सपाट, अजिबात सुरकुती नसलेलं असं काही तरी पसरलं होतं आणि त्यावरून बारीक धुकं उठत होतं. कठड्यावरून वाकून त्यांनी तळहात टेकवला. भाजल्यासारखं झालं, तरी हात काढला नाही. किती वेळ उभे होते कोण जाणे. सईनं हाक मारली तेव्हा भानावर आले आणि तिच्या लेस आवळायला खाली बसले.

संगीत सुरू झालं. सई निघाली, आणि आबा कठडा धरून उभे राहिले. बाजेवर पडून जे पाहिलं होतं ते हेच, फक्त आवाज वेगळा होता. पातं बर्फ कापत जातं त्याचा खर्र असा आवाज त्यांनी कधी कल्पिला नव्हता. ती लांबवर गेली, वळली, एका पायावर मागं आली. पहिली उडी. एकच गिरकी. उतरताना घोटा कलला, आबांनी कठडा गच्च आवळला, आणि ती सावरली. बसून घ्यायची गिरकी तर इतकी खाली जाऊन घेतली की बाजूच्या कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी उडी. ह्या वेळी बूट वाकलाच. सई कुशीवर आदळली आणि घसरत गेली. आबांच्या तोंडून "आई गं!" निघालं, सगळ्यांनी वळून पाहिलं. पण ती उठली होती. संगीत पुढं चाललं होतं, आणि तीही.

चौदा मुलींत ती नववी आली.

बाकावर येऊन बसली तेव्हा तिला दम लागला होता, गाल लाल झाले होते, मांडीवर बर्फाचा ओला डाग होता. तिनं काही न बोलता एक पाय उचलून आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी लेस सोडली, बूट काढला, पातं पुसलं. घोटा सुजू लागला होता.

"दोन गिरक्यांची असती तर मी चौथी तरी आले असते, आबा," ती म्हणाली.

"व्हय. माज्यापायी गेलं त्ये."

आबांना वाटलं, पोरगी म्हणेल, नाही हो, तसं काही नाही. ती तसं म्हणाली नाही. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हो. तुमच्यापायीच गेलं."

आबांनी मान खाली घातली. फडकं हातात तसंच.

"दिवाळीपर्यंत नवे बूट येतील," सई म्हणाली. "आले की कळंबला आणते. तळ तुम्हीच करायचा. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. आणि वरच्या चामड्याला बोट जरी लावलंत ना, तर बघा!"

आबांनी मान हलवली, आणि दुसरा पाय दे म्हणून हात पुढं केला.